अंगठीवरचा दोरा

बातमी आली तेव्हा मी क्लिनिकमध्ये होतो. समोर विकलो जिल्ह्यातून आलेले एक पंचाहत्तरीचे शेतकरी बसले होते आणि मी त्यांना रोजचाच प्रश्न विचारत होतो... गेल्या सहा महिन्यांत, तुम्ही मुद्दाम काही न करता, तुमचं वजन कमी झालंय का? टेबलावर पालथा ठेवलेला फोन तेवढ्यात थरथरला. केतकीचा मेसेज होता. ‘आई गेली, दादा.’ मी त्याच इमारतीत दोन मजले खाली होतो. सकाळीच अतिदक्षता विभागात जाऊन आलो होतो, आणि भूलतज्ज्ञ असल्यामुळे तिथल्या यंत्रांवरचे आकडे काय सांगताहेत ते मला केतकीच्या आधी कळलं होतं. तरीही मी फोन पुन्हा पालथा ठेवला. आजोबा उत्तर देत होते. ‘झालं असेल थोडंफार,’ असं म्हणून त्यांनी स्वेटर वर करून कमरेचा पट्टा दाखवला. पट्ट्याला खिळ्यानं एक नवं भोक पाडलेलं होतं. त्या भोकाकडे मी इतका वेळ बघत राहिलो की शेवटी तेच म्हणाले, ‘डॉक्टर, तुम्ही बरे आहात ना?’ मी म्हणालो, ‘ग्रँड.’ आयर्लंडमध्ये पाय मोडला तरी माणसं ग्रँडच असतात, आणि एवढ्या वर्षांत तो शब्द माझ्याही तोंडात बसलाय.

शालनकाकूंना जाऊन आता सहा आठवडे झाले. त्या माझ्या नात्याच्या नव्हत्या. वैद्यकीय शिक्षणासाठी मी मिरजेला होतो तेव्हा त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. काका बँकेत होते, केतकी शाळेत होती, आणि खालच्या पुढच्या खोलीत काकूंचा शिवणक्लास चालायचा. गळ्यात टेप आणि पदराला चार-पाच टाचण्या, हा त्यांचा घरातला पोशाख. टेप नुसती सवय म्हणून असायची. त्यांची नजरच मापाची होती. परीक्षेच्या दिवसांत मी जिन्यावरून उतरताना त्या मशीन थांबवून वर बघायच्या आणि म्हणायच्या, ‘कमरेत दीड इंच उतरलाईस की रे नितीन. मेसवाला उपाशी ठेवालाय काय?’ मी वजनकाट्यावर जाऊन खात्री करायचो आणि दर वेळी त्याच बरोबर निघायच्या. क्लासच्या एका मुलीला कावीळ झालीय, हे तिच्या घरच्यांच्या आधी काकूंनी तिच्या सैल झालेल्या पोलक्यावरून ओळखलं होतं. आज मी जे काम करतो, ऑपरेशनच्या आधी माणूस आतून किती खचलाय ते ओळखण्याचं, त्याचे पहिले धडे मी कॉलेजात नाही, त्या पुढच्या खोलीत घेतले. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी काका गेले आणि केतकी आईला डब्लिनला घेऊन आली. केतकी इथे सँट्रीला राहते, तिथेच एका कंपनीत काम करते. मी आणि माझी बायको मुग्धा डून लेरीला. म्हणजे शहराची दोन टोकं, पण डार्टची लोकल आणि मग बस असं करत आम्ही दर दुसऱ्या रविवारी सँट्रीला जायचोच, कारण तिथे काकूंच्या हातचं जेवण असायचं. केतकीनं त्यांना एक शिवणयंत्र घेऊन दिलं होतं. महिनाभरात डब्लिनमधल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाउज काकूंकडे सैल व्हायला आणि आवळायला यायला लागले. काकूंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांची नात इराला मराठी कळत असूनही ती उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीतच द्यायची, पण दोघींचं कधी अडलं नाही. या मार्चमध्ये, सेंट पॅट्रिक्स डेला, इराच्या शाळेत हिरवा झगा हवा होता, तो काकूंनी फक्त खाणाखुणांवर शिवला.

रविवारचं जेवण म्हणजे काय सांगू... मसुराची आमटी, भरली वांगी, गरम भाकरी, आणि एवढं करून वर मुगाची खिचडी. काकू वाढायच्या. आम्ही जेवायचो. ‘तुम्ही बसा की,’ असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, ‘तुमचं होऊ दे, मी मागनं बसते.’ आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की त्या मागनं बसतात की नाही हे बघायला कुणी थांबत नाही. आम्हीही थांबलो नाही. शिवाय गेल्या श्रावणापासून काकूंचे उपवास वाढले होते. श्रावण संपला, उपवास संपले नाहीत. सोमवार होताच, गुरुवार धरला, मग शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादशा. या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही गेलो तेव्हाही काहीतरी उपवास होताच. माझ्या अंगातल्या पँटची शिलाई उसवली होती, ती काकूंनी आल्या आल्या काढून घेतली आणि मला केतकीच्या नवऱ्याचा पायजमा घालून जेवायला बसवलं. आमच्या समोर खुर्ची घेऊन त्या शिवत बसल्या. मी म्हणालो, ‘काकू, तुमच्या कॅलेंडरात जेवायचा वार शिल्लक आहे का एखादा?’ सगळे हसले. काकूही हसल्या. प्रश्न अगदी बरोबर होता. मी तो गंमत म्हणून विचारला आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

बाकीही कितीतरी गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. पहिल्या उन्हाळ्यात काकू आमच्याकडे आल्या की डून लेरीच्या धक्क्यावर पार टोकाच्या दीपगृहापर्यंत चालत जायच्या, आणि परत येऊन, ‘मिरजेत कुठला एवढा समुद्र,’ असं म्हणायच्या. दुसऱ्या वर्षी त्या निम्म्या वाटेवरच्या बाकावर बसायला लागल्या. ‘तुम्ही जाऊन या, मी इथनं बघते.’ या वसंतात तर त्या धक्क्याच्या सुरुवातीच्या बाकापुढे गेल्याच नाहीत. मी मुग्धाला म्हणालो, ‘वारा फार आहे आज.’ वारा इथे रोजच फार असतो. चालण्याचा वेग मंदावणं हे वृद्ध शरीर खचत चालल्याचं एक मोठं लक्षण, हे मी ज्युनियर डॉक्टरांना शिकवतो, स्लाइडवर चित्रसुद्धा दाखवतो. दिवाळीत कुणीतरी काकूंना म्हणालं, ‘किती बारीक झालात हो, छान दिसताय!’ तेव्हा मीही मान डोलावली होती. त्यांना मधुमेह होता, वजन कमी झालं तर चांगलंच, असा हिशेब मनात झाला असणार. झाला असणार म्हणतो, कारण मी विचारच केला नव्हता.

त्या रविवारनंतर आठवड्याभरात काकू स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फार खाली आलेलं. पुढच्या तपासण्यांत मोठ्या आतड्यात गाठ सापडली. पसरलेली नव्हती, काढता येण्यासारखी होती, आणि शस्त्रक्रिया माझ्याच रुग्णालयात होणार होती. मी केतकीला धीर दिला. ‘लवकर सापडलंय. आपल्या घरचं रुग्णालय आहे. तू काळजी करू नको.’ ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी रजा काढते म्हणाली, तर मी म्हटलं, ‘मी आहे ना. तू कशाला रजा घालवतेस?’ भूल दुसऱ्या सहकाऱ्यानं द्यायची ठरली होती, म्हणजे मी त्या दिवशी डॉक्टर नव्हतोच. मी घरचा माणूस म्हणून काकूंच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. आणि तिथेच ती चूक झाली.

आमच्या क्लिनिकमधली ब्रीडा ही नर्स वीस वर्षं हेच काम करते आहे. तिनं फोनवरून मराठी दुभाषी ठरवला होता. मी तिला म्हणालो, ‘दुभाषी कशाला? मी आहे, मी यांना वीस वर्षं ओळखतो.’ ब्रीडा जरा थांबली, पण मी डॉक्टर, ती काय बोलणार? तिनं फोन ठेवला आणि कागद पुढे ओढला. पहिला प्रश्न वजनाचा. काट्यावरचा आकडा फार वाईट नव्हता, पण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, आधी किती होतं ते कळायला हवं, आणि आधीची नोंद कुठेच नव्हती. ‘नाताळात किती असेल?’ तिनं विचारलं. मी काकूंकडे न वळता म्हणालो, ‘इतकंच. नवरा गेल्यापासून त्या अशाच आहेत.’ भूक कशी आहे? ‘त्या उपवास करतात, धार्मिक आहेत. एरवी उत्तम.’ मग ब्रीडानं विचारलं, ‘कपडे सैल झालेत का? अंगठी, घड्याळ?’ यावर मला विनोद सुचला. मी म्हणालो, ‘या शिवणकाम करतात, यांचे कपडे सैल असूच शकत नाहीत.’ ब्रीडा हसली. काकूंना शब्द कळले नाहीत, पण आम्ही हसतोय म्हणून त्याही हसल्या आणि पदर सारखा केला.

हा एक प्रश्न मी मराठीत विचारला असता तर... मी रोज रात्री नाही, पण रोज सकाळी दाढी करताना हा विचार करतो. आख्ख्या डब्लिनमध्ये या प्रश्नाचं उत्तर इंचात देऊ शकणारी एकच बाई होती आणि ती माझ्या शेजारी बसली होती. तिनं सांगितलं असतं, दंडाला किती कमी झालं, पाठीत किती, कुठली शिलाई कधी मारली. तिनंच तर मला ते शिकवलं होतं.

पुढे खुर्चीतून उठण्याची चाचणी होती. हात न टेकता उठायचं, थोडं चालायचं, परत येऊन बसायचं. काकूंनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले, ‘अगं आई गं,’ म्हणाल्या, आणि मी चटकन त्यांच्या कोपराखाली हात दिला. आपल्यात वडीलधारं माणूस उठताना कुणी नुसतं बघत बसत नाही. ब्रीडा म्हणाली, ‘त्यांना एकट्यांनी उठू दे हं.’ पण तोवर काकू उभ्या होत्या. तिनं मला पुन्हा करून घेऊ का, असं नजरेनं विचारलं. मी म्हणालो, ‘अगं, या वीस माणसांची कणीक मळतात.’ तिनं कागदावर खूण केली. काकू खचलेल्या नाहीत, कुपोषित नाहीत, अशी ती खूण होती. तिथे दुसरी खूण झाली असती तर शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे गेली असती. आहारतज्ज्ञ आल्या असत्या, प्रथिनांची पेयं, रोज थोडा व्यायाम, रक्त वाढवायला सलाइनमधून लोह, असं सगळं मिळालं असतं. आमच्याकडे त्यासाठी सगळी सोय आहे, मीच ती उभी करायला भांडलो होतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेलो. नर्स म्हणाली, अंगठी काढायला लागेल, निघत नसेल तर वरून पट्टी लावू. पट्टीची गरजच पडली नाही. काकूंनी हात नुसता खाली केला आणि अंगठी घसरून त्यांच्याच तळहातात आली. मिरजेत असताना साबण लावूनही न निघणारी अंगठी होती ती; काका त्यावरून त्यांना चिडवायचे. त्यांनी ती माझ्या हातात दिली. ‘केतकीला दे. हरवू नको बघ.’ अंगठीच्या मागच्या बाजूला दोरा गुंडाळलेला होता, जाडसर. आपल्या आया-आज्या सैल अंगठीला दोरा गुंडाळतातच. मी ती एका छोट्या पाकिटात घातली, पाकीट खिशात ठेवलं आणि घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथे फडताळाला प्रेस म्हणतात, त्यात चहाच्या डब्यामागे ठेवून दिलं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी काकू उशीला टेकून बसल्या होत्या आणि मी त्यांच्यासाठी स्ट्रॉबेरीच्या चवीचं प्रथिनांचं पेय घेऊन गेलो होतो. त्यांनी दोन घोट घेतले आणि बाटली बाजूला ठेवली. मी म्हणालो, ‘काकू, आता उपवास बंद हं.’ त्यांनी पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, ‘उपवास कुठला रे... अन्नच जात नव्हतं. दोन घास खाल्ले की पोट तट्ट. उपवास म्हटलं की कुणी इचारत नाही, म्हणून धरले.’ मी विचारलं, ‘मला का नाही सांगितलंत?’ ‘तुला कसं सांगू? तू एवढा लांबनं यायचास, आवडीनं जेवायचास. आणि केतकीला कळलं असतं तर ती कामं टाकून दवाखान्याच्या चकरा मारत बसली असती. मला वाटलं, म्हातारपण आहे, असंच असतंय.’ आणि मग माझा चेहरा बघून त्याच मला समजवायला लागल्या, ‘तू कशाला तोंड पाडालाईस? मला काय धाड भरलीय?’ मी डॉक्टर असूनही त्या क्षणी मला पहिल्यांदा त्यांचे दंड दिसले, मनगटाची हाडं दिसली, कानशिलांजवळचे खळगे दिसले. ते सगळं आधीपासून तिथेच होतं.

पाचव्या दिवशी ताप आला. आत आतड्याचा जोड जिथे शिवला होता तिथे तो सुटला होता. दुसरं ऑपरेशन करावं लागलं आणि त्यातून काकू शुद्धीवर आल्या नाहीत. सर्जन भला माणूस आहे. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की आतड्यात ताकदच नव्हती, टाके धरतच नव्हते. हे ऐकताना मला मिरजेतला माझा एक शर्ट आठवला. कोपरावर फाटलेला तो शर्ट काकूंनी उजेडात धरून बघितला आणि परत दिला होता. ‘कापड इरलंय. टाका धरायचं नाही. नवा घे.’ सर्जन असंही म्हणाला की तीन आठवडे थांबलो असतो तरी हेच झालं नसतं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते खरं आहे. मीही नातेवाइकांना हेच सांगतो आणि ते ऐकून त्यांना जेवढं बरं वाटत असेल तेवढंच मला वाटलं. मी केतकीला सगळं सांगितलं. क्लिनिकमधला विनोदसुद्धा सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मी तर तिच्यासोबत एकाच घरात राहत होते, दादा. मला वाटायचं, ती दुपारी जेवत असेल.’ आम्ही एकमेकांना माफ केलं की नाही, हे आम्हाला दोघांनाही अजून माहीत नाही.

आता क्लिनिकमध्ये मी एक करतो. पेशंटबरोबर आलेला मुलगा, सून, शेजारी उत्तर द्यायला लागले की त्यांना हात वर करून थांबवतो. कुणी नाराज होतात, होऊ देत. दुभाषी बोलावल्याशिवाय पुढे जात नाही आणि कुणी आजी खुर्चीतून उठताना कितीही कण्हली तरी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. आपल्या लोकांना ते उद्धटपणाचं वाटतं. ब्रीडानं हे सगळं बघितलंय. परवा तिनं माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवला आणि जाता जाता खांद्यावर थोपटलं.

गेल्या रविवारी अंगठी घेऊन मी सँट्रीला गेलो. जेवण बाहेरून मागवलं होतं. केतकीनं पाकिटातून अंगठी काढली, बोटात घालून बघितली, पण दोऱ्यामुळे ती जाईना. मग तिनं आईच्या शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री घेतली, आणि नंतर काय मनात आलं कुणास ठाऊक, कात्री ठेवून ती दोरा हातानं उलगडायला लागली. तो एक दोरा नव्हता. सगळ्यात वर गडद निळा होता. तो तिनं बाजूला ठेवला. त्याच्या खाली हिरवा. ‘हा इराच्या झग्याचा. पॅट्रिक्स डेचा.’ त्याच्या खाली काळा. मुग्धा म्हणाली, ‘हा माझ्या संक्रांतीच्या ब्लाउजचा.’ सगळ्यात आत मरून, केतकीच्या दिवाळीच्या पोलक्याचा. प्रत्येक वेळी बोट थोडं बारीक झालं, की हातात त्या दिवशी जो दोरा असेल तो काकूंनी वर गुंडाळला होता. ब्रीडाच्या कागदावरच्या प्रश्नाचं उत्तर महिन्यांसकट तिथे लिहिलेलं होतं, आणि ते मी चहाच्या डब्यामागे ठेवलं होतं.

दोरा निघाल्यावर अंगठी केतकीच्या बोटात घट्ट बसली. तिनं तो निळा तुकडा पुन्हा उचलून उजेडात धरला. ‘पण हा कुठला? हा रंग आमच्यात कुणाचाच नाही.’

मला माहीत होता. माझ्या पँटचा. त्या मे महिन्यातल्या रविवारी शिवण संपल्यावर काकूंनी तो दातानं तोडला आणि उरलेला माझ्यासमोर अंगठीवर गुंडाळला. मी बघितलं होतं. ‘काकू, सोनाराकडे द्या की,’ असं म्हणालोही होतो, आणि मग ताट पुढे करून आणखी भात मागितला होता.